थंडरबर्डचा बॉबर: कापायचे किती आणि ठेवायचे किती?

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०११ सालची रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड आहे, ३४६ सीसीची ट्विनस्पार्क. ती मूळ मामांची. त्यांनी तिच्यावर बाजूच्या पेट्या, मोठी काच, लेगगार्ड आणि मागे पाठ टेकायची गादी असा सगळा संसार चढवला होता, आणि त्या संसारासकट ते गोव्यापासून कन्याकुमारीपर्यंत फिरून आले होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ही गाडी कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या बोळात तीन दिवस टाकीपर्यंत पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर नट सोडला, तर इंजिनातून दुधाळ चहासारखे ऑइल आले. तीन वेळा ऑइल भरून आणि काढून टाकल्यावर ते स्वच्छ दिसू लागले आणि इंजिन वाचले. मात्र क्रोम, सीटचा फोम, पेट्या आणि मीटर यांची वाट लागली. मामांनी पुन्हा तिच्याकडे पाहिले नाही. गेली काही वर्षे ती आमच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी आहे.

आता ती मला दिली आहे आणि तिचा बॉबर, म्हणजे जास्तीचे सामान उतरवलेली आखूड गाडी, करावा असे माझ्या मनात आहे. सध्याचा बेत असा: सीटच्या मागची फ्रेम कापायची, एकट्यापुरती स्प्रिंगची सीट बसवायची, पुढचा मडगार्ड काढून टाकायचा, मागचा अर्धा करायचा, मागे १६ इंची रुंद टायर घालायचा, शॉकअप दोन इंचांनी आखूड करायचे आणि सायलेन्सर साधा सरळ पाइप ठेवायचा. उद्यमनगरात एक जण फ्रेमचे काम दोन दिवसांत करून देतो म्हणतो. ज्यांनी असे काम केले आहे किंवा करून पस्तावले आहेत, त्या दोघांचेही अनुभव ऐकायला आवडतील.

जुनी_येझदी

प्रथम एक तक्रार नोंदवतो: जुनी गाडी पाहिली की आपल्या लोकांच्या हाताला लगेच ग्राइंडर का सापडतो, हे मला न उलगडलेले कोडे आहे. ते असो.

बॉबर हा शब्द आखूड कापण्यावरून आला. घोड्याची शेपटी आखूड छाटतात त्याला इंग्रजीत बॉब म्हणतात, तसा मागचा मडगार्ड छाटलेली गाडी ती बॉबर. अमेरिकेत १९३० च्या दशकात आणि विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर पोरांनी हार्ले-डेव्हिडसन आणि इंडियन या वजनदार गाड्यांवरून पुढचा मडगार्ड, पेट्या आणि शोभेचे सामान उतरवले, कारण त्याच इंजिनाकडून अधिक वेग काढायचा होता आणि नवे इंजिन परवडत नव्हते. म्हणजे मुळात हा काटकसरीचा प्रकार होता, दिखाव्याचा नव्हे. फ्रेमची मान कापून पुढचा फोर्क लांब पसरवणे हा नंतर आलेल्या चॉपरचा उद्योग आहे. बॉबरमध्ये फ्रेमची मूळ भूमिती बहुधा तशीच राहते. आपल्या यादीतील अर्ध्या गोष्टी बॉबरच्या आहेत, उरलेल्या अर्ध्या इन्स्टाग्रामच्या आहेत.

आता तर कंपन्याच तयार बॉबर विकतात. २०१८ मध्ये जाहीर झालेली नवी जावा पेराक आणि २०२४ ची रॉयल एनफिल्ड गोअन क्लासिक ३५० ही ताजी उदाहरणे आहेत. एखाद्या दुकानात जाऊन गोअन क्लासिककडे नीट पाहा. मागचा मडगार्ड चाकाबरोबर वर-खाली होतो आणि मागची सीट काढता येते. कारखान्याने जे नट-बोल्टवर केले, ते आपण ग्राइंडरने का करावे?

लेथवाला

मी उद्यमनगरातच आहे, त्यामुळे "दोन दिवसांत करून देतो" हे वाक्य माझ्या परिचयाचे आहे. दोन दिवसांत काम होते यात शंका नाही, प्रश्न तिसऱ्या वर्षाचा असतो.

थंडरबर्डच्या मागच्या फ्रेमचे दोन भाग मनात वेगळे करावेत. शॉकअपचा वरचा बोल्ट जिथे बसतो तिथपर्यंतचा भाग रस्त्याचा प्रत्येक धक्का झेलतो. त्याच्या मागे जो वळसा जातो, तो मुख्यतः मडगार्ड, मागच्या माणसाचे वजन आणि पकडायची दांडी सांभाळतो. बॉबरसाठी लोक कापतात तो हा मागचा वळसा. शॉकअपच्या बोल्टच्या पुढे कापणाऱ्याला मी गाडीवर बसू देणार नाही. परंतु मागचा वळसा कापला तरी काम संपत नाही, कारण तोच वळसा डाव्या-उजव्या नळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवतो. तो गेला की दोन्ही नळ्या मोकळ्या टोकांनी थरथरतात आणि एक सिलिंडरच्या या इंजिनाची थरथर किती असते हे आपणास ठाऊक आहे. म्हणून तिथे आडवी नळी किंवा नवा छोटा वळसा जोडावा लागतो. जोडताना नळीच्या आत घट्ट बसणारा तुकडा घालावा, बाहेरच्या नळीला भोके पाडून त्यातून आतल्या तुकड्याला वेल्ड द्यावा आणि मगच सांधा भरावा. तोंडाला तोंड लावून नुसता टाका मारलेली फ्रेम मी दोनदा पाहिली आहे. दोन्ही वेळा वेल्ड शाबूत होता, त्याच्या कडेला जिथे उष्णतेने नळी कमजोर झाली होती तिथे केसाएवढी चीर गेली होती. रंगाखालून ती चीर दिसत नाही. गंजाची एक बारीक तांबूस रेघ दिसते, तीही गाडी धुतल्यावर.

वेल्डिंग आर्गन वायूवर करून घ्यावे. सीओटू वायूनेही चांगले होते, पण पातळ नळीवर हात बसलेला माणूस हवा; फाउंड्रीच्या जाड कामावर तयार झालेला हात नळीला भोक पाडतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि इग्निशनचा टीसीआय डबा (ठिणगीची वेळ सांभाळणारा) काढून ठेवावा.

आणि तुमच्या गाडीत एक गोष्ट वेगळी आहे. ती पुरात होती. फ्रेमच्या नळ्यांमध्ये गाळ आणि पाणी शिरले असणार. इंजिन उतरवून फ्रेम हलवून पाहा, आत काही वाजते का ते ऐका, आणि खालच्या नळीवर लहान हातोडीने हलके ठोकत जा. जिथे टणटण आवाजाऐवजी बद्द आवाज येईल तिथे आतून गंज धरला आहे असे समजावे. हे केल्याशिवाय कापण्याचा विचारसुद्धा करू नये.

रंकाळाकाठ

लेथवाला साहेब, आपण सांगितल्याप्रमाणे फ्रेम उघडी करून पाहिली. खालच्या नळीतून ओंजळभर वाळलेला, पिठासारखा बारीक गाळ पडला. पंचगंगा अजून आमच्या गाडीत होती म्हणायची. सुदैवाने आवाज सगळीकडे सारखा आला, फक्त साइड स्टँडच्या पत्र्याजवळ थोडा गंज निघाला. ग्राइंडरवाल्याला तूर्त थांबायला सांगितले आहे.

गगनबावडेकर

मी नावाप्रमाणे गगनबावड्याचा, त्यामुळे पावसाबद्दल बोलण्याचा अधिकार मला आहे असे समजतो.

पुढचा मडगार्ड काढू नका. चिखल तोंडावर येतो हे तर आहेच, पण तोच चिखल फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर वाळतो आणि ऑइल सील खातो. शिवाय मडगार्डचा पत्रा आणि त्याच्या काड्या फोर्कच्या दोन पायांना एकमेकांशी धरून ठेवायला हातभार लावतात. हवा तर आखूड बसवा, पण ठेवा. आपल्याकडे पावसाळा संपला की चिखल संपत नाही. नोव्हेंबरपासून ऊस सुरू होतो, आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती डांबरावर येऊन पडते. त्यावर पहाटेचे दव पडले की रस्ता साबण लावल्यासारखा होतो. त्या रस्त्यावर मागे रुंद टायर दिसायला छान असतो, पण पकड रुंदीपेक्षा टायरच्या नक्षीवर आणि रबरावर अधिक ठरते.

सरळ पाइपचे म्हणाल, तर तो खाली गेलेल्या गाडीला आमच्या घाटाच्या आधीच, गावागावांतल्या न रंगवलेल्या गतिरोधकांवर घासतो. माझ्या एका मित्राच्या पाइपाला खालून पडलेले भोक मी बोट घालून पाहिले आहे.

कायद्याची_पोथी

मी वकील नाही, पण परिवहनविषयक नियम वाचण्याची खोड आहे. या धाग्यात हा विषय अद्याप कोणी काढला नाही याचे नवल वाटते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा अर्थ बराच काटेकोर लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द कृपया पुन्हा वाचावेत आणि मग आपली यादी मोजावी. सरळ पाइपचा तर आवाजाच्या नियमाखाली हिशेब वेगळा.

आपल्या प्रमाणपत्रावर आसनसंख्या २ लिहिलेली असणार. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीचा नियम १२३ दुचाकीला मागच्या माणसासाठी पकडण्याची सोय, पायठेवणी आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण, म्हणजे आपला साडीगार्ड, मागतो. बॉबरमध्ये सर्वांत आधी हेच तीन जिन्नस भंगारात जातात.

तिसरी बाब तारखेची. गाडी २०११ ची असल्यामुळे २०२६ मध्ये तिची १५ वर्षे पूर्ण होतात. नूतनीकरणासाठी ती निरीक्षकासमोर उभी करावी लागेल आणि पर्यावरण कर भरावा लागेल. त्या दिवशी गाडी प्रमाणपत्राशी जुळली पाहिजे. रंग बदलणार असाल तर त्याची नोंदही आधी करून घ्यावी. माझे मत स्पष्ट आहे: पुन्हा पूर्ववत करता येणार नाही असे काहीही करू नये, आणि रस्त्यावर चालवायची असेल तर वरील तीन जिन्नस गाडीवरच राहू द्यावेत.

वायरमन_शाहूपुरी

थोडक्यात लिहितो. पुरातल्या गाडीचे मूळ दुखणे वायरिंगमध्ये असते. वायर बाहेरून नवी दिसते, परंतु कप्लर (वायरींचा जोड) उघडला की आत हिरवी पूड दिसते, आणि ही पूड वायरच्या आवरणाखालून वीतभर आतपर्यंत गेलेली असते. अशी वायर सोलून जोडू नये, पूर्ण बदलावी. हार्नेस, म्हणजे सगळ्या वायरींचा जुडगा, आखूड करण्याच्या मोहात पडू नका. जास्तीची लांबी टाकीखाली गुंडाळून बांधता येते. एलईडी इंडिकेटर लावल्यास ते भराभर लुकलुकतील, त्यासाठी फ्लॅशरचा रिले बदलावा. बॅटरी काढून कपॅसिटरवर गाडी चालवण्याचे व्हिडिओ पाहिले असतील तर विसरून जावे, आपल्या गाडीचे इग्निशन आणि सेल्फ दोन्ही बॅटरीवर आहेत.

रंकाळाकाठ

सर्वांचे आभार. बेत असा बदलला आहे. फ्रेम कापणार नाही. मूळचा मागचा मडगार्ड आणि सीट काढून, तेल लावून माळ्यावर ठेवली आहेत. भंगारातून दुसरा मडगार्ड आणून तो कापणार. सायलेन्सर कंपनीचाच राहील. साडीगार्ड आणि मागच्या पायठेवण्या राहतील.

उतरवलेले सामान, म्हणजे पेट्या, त्यांचे सांगाडे, लेगगार्ड, काच, पाठीची गादी आणि कुजलेली सीट, हे सगळे चुलत्यांच्या गूळ अड्ड्यावरच्या काट्यावर ठेवले. २७ किलो भरले. चुलते म्हणाले, "म्हणजे नमुना खाऊन उरलेला एक रवा." रवा म्हणजे गुळाची मोठी ढेप. इंजिनाला हात न लावता गाडीवरून जवळपास गुळाचा एक रवा उतरला.

दोन शंका उरल्या आहेत. शॉकअप दोन इंच आखूड करण्यात नेमका धोका काय? आणि १६ इंची रिमचे काय करावे?

लेथवाला

रिमचे आधी सांगतो, कारण त्याचे उत्तर सोपे आहे. आपण मागे ११०/९०-१८ टायर वापरत असाल तर त्याची एकूण उंची सुमारे ६५५ मिलिमीटर होते. १३०/९०-१६ घेतला तर ती ६४० होते. रिम दोन इंचांनी लहान झाली तरी टायर जाड असल्याने गाडी जेमतेम ७ ते ८ मिलिमीटर खाली बसते. एवढ्यासाठी हब, रिम, आरे, चेनची सरळ रेषा आणि मागच्या चिमट्यातली (चाक धरणाऱ्या स्विंगआर्ममधली) जागा या सगळ्याची उठाठेव करायची का, हे आपण ठरवा. मी केली नसती.

शॉकअपचे मात्र तसे नाही. मागचे चाक ५० मिलिमीटर वर गेले आणि दोन चाकांमधील अंतर १,३५० धरले तर संपूर्ण गाडी सुमारे दोन अंशांनी मागे कलते. म्हणजे पुढचा फोर्क तेवढाच अधिक तिरका होतो आणि ट्रेल (हँडलच्या आसाची रेषा जमिनीला भेटते तिथपासून पुढचे चाक टेकते तिथपर्यंतचे अंतर) साधारण १३ ते १५ मिलिमीटरने वाढतो. महामार्गावर सरळ जाताना ते बरे वाटेल, महाद्वार रोडवर गर्दीतून वळवताना हँडल जड लागेल. साइड स्टँड लांब पडल्याने गाडी जवळजवळ सरळ उभी राहील आणि वाऱ्यानेही पलीकडे पडेल, डबल स्टँडवर घेताना कमरेचा काटा ढिला होईल. आणि मुख्य प्रश्न टायर वर कुठे आपटतो, हा. दोन्ही शॉकअप काढून चाक हाताने वर उचलून पाहा. फट मोजायला मऊ मातीचा गोळा वापरा.

रंकाळाकाठ

केले. कुंभार गल्लीतून शाडूचा एक गोळा आणला, त्याच्या लिंबाएवढ्या पाच गोळ्या करून मडगार्डच्या आतून चिकटवल्या आणि आखूड शॉकअप पूर्ण दाबला जाईल तेवढे चाक भावाकडून जॅकने वर उचलून घेतले. खाली घेऊन पाहतो तर मागच्या तीन गोळ्या भाकरीसारख्या थापल्या होत्या, चौथी सात मिलिमीटर उरली होती, आणि पुढची, बॅटरीच्या डब्याजवळची, टायरच्या नक्षीचा स्पष्ट छाप घेऊन कागदाएवढी पातळ झाली होती. दोघे बसलेले असताना खड्ड्यात टायर थेट डब्यावर आपटला असता. तो छाप असलेली चकती वाळवून ठेवली आहे. शॉकअप आता एकच इंच आखूड घेतले, आणि उंची कमी दिसण्यासाठी सीट खाली आणली.

गगनबावडेकर

सीटला कातडे कोणते घातले?

रंकाळाकाठ

दुखऱ्या जागी बोट ठेवलेत. सीटचा पत्रा तीन मिलिमीटरचा घडवून घेतला. पुढे बिजागरी आणि मागे दोन स्प्रिंगा दिल्या. त्या स्प्रिंगा फ्रेमला वेल्ड न करता, मूळ सीटच्याच भोकांत बसणाऱ्या पट्टीवर बोल्टने धरल्या आहेत. कातडे मात्र हौसेने आपले कोल्हापुरी चपलेचे घेतले, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले. सुभाषनगरातल्या कारागिराने चामड्याच्या वादीने कडेची वेणी घातली. इतके देखणे काम माझ्या गाडीवर दुसरे नाही. देताना त्यांनी एकच विचारले, "पावसात कुठं ठेवणार?" मी म्हणालो, चालवणार. ते हसले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कातडे पाणी पिऊन फुगले, जुलैत त्यावर पांढरी बुरशी आली, आणि फिकट रंगाच्या पँटवर बसल्या जागी तांबूस नकाशा उमटू लागला. पाऊस आला की आपण कोल्हापुरी चप्पल हातात घेऊन चालतो. सीट हातात घेता येत नाही. आता पावसाळ्यापुरते रेक्झिनचे दुसरे कव्हर शिवले आहे.

जुनी_येझदी

फोटोंवरून गाडी चांगली दिसते, हे मान्य करावे लागेल. मागच्या मडगार्डच्या काड्या मात्र बारीक वाटतात.

रंकाळाकाठ

बरोबर ओळखलेत. पहिल्या ८ मिलिमीटरच्या सळ्या पन्हाळ्याच्या दुसऱ्याच फेरीत बोल्टजवळ चिरल्या. मडगार्ड आता मागच्या चिमट्यावर धरलेला असल्याने प्रत्येक हादरा तो थेट घेतो, मध्ये स्प्रिंग नाही. लेथवाला साहेबांच्या सल्ल्याने १२ मिलिमीटरच्या नळ्या, दोन्ही बाजूंना रबराचे बुश आणि नायलॉनच्या लॉकनट केल्या. त्यानंतर दीड हजार किलोमीटर झाले, चीर नाही. मागची सुरक्षित नंबरपाटी स्नॅप लॉक तोडल्याशिवाय निघत नाही, म्हणून तिच्यासाठी स्वतंत्र पट्टी आधी बनवली आणि पाटी नंतर बसवली. ज्यांची पाटी अजून बसायची आहे त्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा.

मामा परवा आले होते. गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवर हात ठेवला, चावी मागितली आणि रंकाळ्याला वळसा घालून आले. म्हणाले, "हलकी झाली. पण सामान कुठं बांधायचं?" मी उत्तर देण्याआधीच आईने दारातून विचारले, "ते जाऊ दे, चैत्रात जोतिबाला मी कशावर बसायचं?"

माळ्यावरून मूळ सीट उतरवली. तिचा फोम आणि कव्हर नवे करून घेतले आहे. स्प्रिंगची सीट काढून ती आणि पकडायची दांडी बसवायला चार बोल्ट, बारा-तेराचा एक पाना आणि बावीस मिनिटे लागतात. मामांनी घड्याळ लावून पाहिले.

कायद्याची_पोथी

पासिंगच्या दिवशीही तीच सीट लावावी. आणि आरसे दोन्ही बाजूंना आहेत ना? फोटोत एकच दिसतो.

रंकाळाकाठ

दुसरा आज संध्याकाळी लावतो.